तांब्याचे वेगळेपण
जपानच्या चिबा विद्यापीठातील योशिओ होरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे विजेच्या साहाय्याने क्षपण, म्हणजे रेणूला इलेक्ट्रॉन पुरवण्याची क्रिया, घडवून आणले, तेव्हा तांब्याच्या इलेक्ट्रोडवर मिथेन हा इंधनवायू तयार झाल्याचे आढळले. उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ, म्हणून सोने व चांदी वापरल्यास कार्बन डायऑक्साइडपासून आधी बनणारा कार्बन मोनॉक्साइड सैल बांधला जाऊन निसटतो आणि प्लॅटिनमवर तो घट्ट चिकटून पुढील मार्गच अडवतो; तांबे मात्र त्याला बेताने धरून ठेवते, म्हणूनच मूळ रेणूला एकूण आठ इलेक्ट्रॉन मिळून मिथेन, अथवा दोन कार्बन अणू जुळून एथिलीन व इथेनॉल बनू शकते. हे खरोखर विलक्षण आहे! अर्थात, हे सारे पदार्थ एकाच वेळी तयार होत असल्याने हवे तेच इंधन मिळवणे अजूनही कठीण आहे.