जिनोबिलीच्या आधी नाहनुदेल

कतारमध्ये २०२७ साली होणाऱ्या बास्केटबॉल विश्वचषकाची पात्रता फेरी सुरू झाली आणि अर्जेंटिनाबद्दलचा नेहमीचा प्रश्न पुन्हा मथळ्यांत आला : नवा जिनोबिली कधी येणार? चाहत्यांची घालमेल समजण्यासारखी आहे. २०२३चा विश्वचषक या संघाविना पार पडला, २०२४चे पॅरिस ऑलिंपिकही. २०२५च्या ऑगस्टमध्ये मानाग्वात अमेरिका खंडाच्या स्पर्धेचा अंतिम सामना त्यांनी गाठला खरा, पण ब्राझीलविरुद्ध चार सत्रांत मिळून त्यांना ४७ गुणच करता आले आणि विजेतेपद ५५-४७ असे हातचे गेले.

तरीही हा प्रश्न चुकीच्या माणसाबद्दल विचारला जातो, असे मला ठामपणे वाटते. २००४चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या संघातला मनू जिनोबिली पुन्हा जन्माला येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. शोध घ्यायचा असेल तर लेऑन नाहनुदेल या प्रशिक्षकांचा घ्यावा.

२००२ आणि २००४ची कहाणी वाचकांना ठाऊक आहे. २००२च्या विश्वचषकात इंडियानापोलिसमध्ये अर्जेंटिनाने अमेरिकेला ८७-८० असे हरवले. एनबीएचे खेळाडू घेऊन उतरू लागल्यापासून अमेरिकेने तोवर ५८ सामने खेळले होते आणि एकही गमावला नव्हता. दोन वर्षांनी अथेन्स ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात तोच पराक्रम ८९-८१ असा पुन्हा घडला आणि अंतिम सामन्यात इटलीवर ८४-६९ अशी मात करून सुवर्णपदक गळ्यात पडले. त्याच दिवशी अर्जेंटिनाने फुटबॉलचेही सुवर्ण जिंकले. त्याआधीचे त्या देशाचे ऑलिंपिक सुवर्ण १९५२चे होते. या संघाला ‘सोनेरी पिढी’ हे नाव मिळाले आणि माझ्या मते तिथेच घोटाळा झाला. पिढी म्हटले की निसर्गाचे देणे वाटते, एखाद्या वर्षी आंब्याला भरघोस मोहोर यावा तसे. हा मोहोर मात्र कोणीतरी लावलेल्या झाडाला आला होता.

ते झाड लावण्याआधीची जमीन कशी होती, हेही पाहायला हवे. जगातला पहिला बास्केटबॉल विश्वचषक १९५० साली अर्जेंटिनानेच भरवला आणि जिंकला. ३ नोव्हेंबरला ब्वेनोस आयरेसच्या लुना पार्क सभागृहात त्यांनी अमेरिकेला ६४-५० असे नमवले. ऑस्कर फुर्लोंग त्या संघाचा नायक. पुढे १९५५मध्ये लष्कराने अध्यक्ष पेरॉन यांची सत्ता उलथवली आणि नव्या राजवटीने या जगज्जेत्यांवर व्यावसायिक असल्याचा ठपका ठेवला. विजयानंतर त्यांना मोटार आयात करण्याचे परवाने मिळाले होते, हा त्यातला मुख्य आरोप. खेळ तेव्हा हौशी मानला जात असल्याने शिक्षाही जबर झाली. ऐन उमेदीतल्या खेळाडूंना कायमचे बाद केले गेले. हेलसिंकीत १९५२ साली चौथा आलेला हा देश त्यानंतर ऑलिंपिकच्या बास्केटबॉल कोर्टवर उतरला तो थेट १९९६ला, अटलांटात. मध्ये १९८०ची पात्रता त्यांनी मिळवली होती, तर मॉस्कोवरचा बहिष्कार आडवा आला. एका सुडाची किंमत अशी दोन पिढ्यांनी मोजली.

खेळ मात्र मेला नाही, कारण तो मोहल्ल्यांतल्या क्लबांत जिवंत होता. अर्जेंटिनात क्लब म्हणजे श्रीमंतांचा जिमखाना नव्हे. आपल्याकडे तालमीला किंवा क्रीडा मंडळाला वस्तीत जी जागा असते, ती तिथे क्लबला असते. एक छप्पर, एक कोर्ट, संध्याकाळी पोरांचा गलका आणि कोपऱ्यात गप्पा मारणारी वडीलधारी माणसे. अॅटलांटिकच्या काठावरचे बाहिया ब्लांका हे बंदर तर अशा क्लबांनी भरलेले. १९७१ साली या एकट्या शहराच्या निवड संघाने, बेतो काब्रेराच्या पिढीने, तेव्हाच्या जगज्जेत्या युगोस्लाव्हियाला ७८-७५ असे हरवले होते. गुणवत्ता किती दडलेली होती, याचा याहून मोठा पुरावा नको.

पण ती दडलेलीच राहत होती. वर्षभराची भरीव स्पर्धा राजधानीत. बाकीच्या प्रांतांतल्या मुलाने एक तर ब्वेनोस आयरेस गाठायचे, नाहीतर गावच्या लीगमध्येच म्हातारे व्हायचे. प्रांतांचे संघ आमनेसामने येत ते वर्षातून एकदा, राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत. नाहनुदेल यांनी नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले. ब्वेनोस आयरेसच्या फेर्रो कार्रिल ओएस्ते क्लबचे हे प्रशिक्षक स्पेनमध्येही काम करून आले होते. त्यांचे म्हणणे साधे होते : देशातले उत्तम खेळाडू वर्षभर एकमेकांविरुद्ध खेळले पाहिजेत आणि त्या स्पर्धेचे दार कुठल्याही गावच्या क्लबला उघडे असले पाहिजे. वर चढायला बढती, खाली घसरायला पदावनती. आज हे सहज वाटते. तेव्हा राजधानीतल्या क्लबांना आपले वर्चस्व सोडायचे नव्हते आणि प्रांतोप्रांतीच्या संघटनांना आपापली वतने.

नाहनुदेल वर्षानुवर्षे हा विचार घेऊन गावोगाव फिरले. ‘एल ग्राफिको’ या साप्ताहिकाचे पत्रकार ओस्वाल्दो ओर्कासितास यांनी लेखणी त्यांच्या बाजूने लावून धरली. खेळावर लिहिणाऱ्या आम्हा सर्वांना हे उदाहरण शिकण्याजोगे आहे. सामन्याचा वृत्तांत सगळेच लिहितात. सामना कुठे आणि कोणी खेळावा, यासाठी लिहिणारे थोडे असतात. अखेर १९८४मध्ये मान्यता मिळाली आणि २६ एप्रिल १९८५ला राष्ट्रीय लीगचा पहिला सामना झाला : राजधानीतला सान लोरेन्सो विरुद्ध सांता फे प्रांतातल्या फिर्मात या छोट्या गावचा अर्खेंतिनो. पहिल्याच सामन्यात महानगराच्या समोर खेडे उभे होते. लीगचे सगळे तत्त्व त्या एका जोडीत सामावलेले आहे.

अथेन्सच्या संघाची यादी या नजरेने वाचून पाहा. जिनोबिली, पेपे सांचेझ आणि आलेहांद्रो मोंतेकिया तिघेही बाहिया ब्लांकाचे. तीन-साडेतीन लाख वस्तीच्या एका शहरातून ऑलिंपिक विजेत्या संघाचे तीन मोहरे! फाब्रिसिओ ओबेर्तो कोर्दोबा प्रांतातल्या लास वारियासचा, आंद्रेस नोसिओनी सांता फेमधल्या गाल्वेसचा, रुबेन वोल्कोविस्की उत्तरेकडच्या चाको प्रांतातला. राजधानीतून आला लुईस स्कोला, तोही नाहनुदेल यांच्याच फेर्रोतून. खुद्द जिनोबिलीचा पहिला व्यावसायिक हंगाम घरापासून दूर, ला रिओहाच्या आंदिनो संघात गेला. प्रशिक्षक रुबेन मान्यानो हेही याच लीगमध्ये, कोर्दोबाच्या आतेनासबरोबर विजेतेपदे मिळवून वर आलेले. विशीच्या आत-बाहेरची ही मुले कसलेल्या पुरुषांचे धक्के खात, रात्र-रात्र बसने प्रवास करत घडली. अनेकांचे आजे-पणजे इटलीहून आलेले, त्यामुळे इटालियन पासपोर्ट मिळाला आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंवरची मर्यादा उठवणाऱ्या १९९५च्या बोसमन निकालानंतर युरोपीय क्लबांचे दार त्यांना परदेशी कोट्याविना उघडले. लीगने घडवले, युरोपने धार लावली.

नाहनुदेल यांनी २००२ आणि २००४चे यश मात्र पाहिले नाही. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

पुढची वीस वर्षे हा संघ त्या पुंजीवर जगला. २००८ला बीजिंगमध्ये कांस्य, आणि २०१९ला चीनमधल्या विश्वचषकात रौप्य. तेव्हा ३९ वर्षांचा स्कोला, पावणेसहा-सहा फुटांचा फकुंदो कांपास्सो आणि एकही एनबीए खेळाडू नसलेला चमू सर्बिया आणि फ्रान्सला हरवून अंतिम फेरीत पोहोचला. स्कोलाचे मोठेपण मला कोर्टाबाहेरही दिसते. २०१४मध्ये महासंघाच्या पैशांच्या कारभारावर खेळाडूंनी जाहीर प्रश्न विचारले, त्यात तो पुढे होता. महासंघाचे नेतृत्व बदलले. जगज्जेत्यांना एकेकाळी राज्यकर्त्यांनी गप्प केले होते, त्याच देशात खेळाडूंनी हिशेब मागितला, ही गोष्ट पदकाइतकीच मोलाची आहे.

आणि मग २६ फेब्रुवारी २०२३. मार देल प्लाताच्या घरच्या मैदानात डॉमिनिकन प्रजासत्ताकाने ७९-७५ असे हरवले आणि १९८२नंतर प्रथमच अर्जेंटिना विश्वचषकाला मुकला. पाहुण्यांच्या बाकावर प्रशिक्षक होते नेस्तोर गार्सिया, अर्जेंटिनाचेच. सहा महिन्यांपूर्वी महासंघाने त्यांना अर्जेंटिनाच्या प्रशिक्षकपदावरून दूर केले होते. त्यांच्यानंतर आलेल्या पाब्लो प्रिजिओनी यांनी लगेच अमेरिका खंडाची स्पर्धा ब्राझीलमध्ये जिंकून दिली होती, म्हणून धोक्याची घंटा कोणाला ऐकू आली नाही. २०२३च्याच ऑगस्टमध्ये सान्तियागो देल एस्तेरोत बहामाजकडूनही हार झाली आणि पॅरिसचा रस्ता बंद झाला.

पात्रता फेरीची सध्याची पद्धत घरच्या लीगच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवते. सामने हंगामाच्या मध्यात, नोव्हेंबर-फेब्रुवारीतही होतात. तेव्हा एनबीए थांबत नाही, युरोलीगचे वेळापत्रकही अनेकदा आड येते. परदेशातले तारे येतातच असे नाही आणि देशाची अब्रू घरच्या लीगमधल्या खेळाडूंच्या हाती राहते. म्हणजे परीक्षा लीगचीच होते. अमेरिका खंडाला सात जागा आहेत, तरी कच्ची लीग असलेल्या देशाला त्या पुरत नाहीत. पेसोची किंमत घसरत गेली तशी अर्जेंटिनाची लीग आपली माणसे राखू शकेनाशी झाली. होतकरू पोरे कोवळ्या वयातच स्पेनच्या अकादम्यांत किंवा अमेरिकेच्या कॉलेजांत जातात. त्यांना दोष कोण देणार? पण कसलेल्या पुरुषांशी टक्कर घेण्याची ती वर्षे गावच्या कोर्टवरून निघून गेली आणि त्यांच्याबरोबर ती पाहून शिकणारी धाकटी पोरेही गेली.

माझ्या मते उपाय एकच आहे आणि तो जुनाच आहे. महासंघाने तारे शोधणे थांबवावे आणि शिडीच्या खालच्या पायऱ्या दुरुस्त कराव्यात : गावचे क्लब, प्रांतांच्या स्पर्धा, तरुणांना खेळण्याची मिनिटे, स्थानिक प्रशिक्षकांचा पगार. याला टाळ्या मिळत नाहीत आणि फळ दिसायला वेळ लागतो. किती वेळ, याचे उत्तर अर्जेंटिनाच्याच इतिहासात आहे. लीगच्या पहिल्या सामन्यापासून अथेन्सच्या सुवर्णापर्यंत १९ वर्षे गेली. तो पहिला सामना झाला तेव्हा ओबेर्तो दहा वर्षांचा होता, जिनोबिली सात आणि नोसिओनी पाच.