दिवाळीच्या यादीत एखादे चित्रपुस्तकही असू द्या

सहामाही परीक्षा संपत आल्या की घराघरांत दिवाळीच्या याद्या होऊ लागतात. किराणा, कपडे, आकाशकंदील, फटाके, गावी जाण्याची तिकिटे. घरात सहा वर्षांखालील मूल असेल तर या यादीत एक-दोन चित्रपुस्तकेही घाला, असे या आठवड्यात सुचवावेसे वाटते.

आरोग्याच्या सदरात पुस्तकांचा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मुलाचे वजन वाढते आहे ना, लसी वेळेवर झाल्या ना, याकडे आता बहुतेक पालक लक्ष देतात. मूल वयाप्रमाणे बोलते आहे ना, याकडे मात्र तितके लक्ष जात नाही. भाषा ही शाळेत गेल्यावर सुरू होणारी गोष्ट नव्हे. तिचा पाया पहिल्या तीन-चार वर्षांत घरातच पडतो. तो पडतो मोठ्या माणसांच्या बोलण्यातून, आणि मुलाला बोलते करण्याचे चित्रपुस्तक हे एक स्वस्त आणि सोपे साधन आहे.

डॉक्टरांनी पुस्तकांची शिफारस करावी, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधील बालरोगतज्ज्ञांनी १९८९ मध्ये तपासणीला येणाऱ्या लहान मुलांच्या पालकांना पुस्तके देण्याचा उपक्रम सुरू केला. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये, बाळ तान्हे असल्यापासूनच त्याला वाचून दाखवावे, असा सल्ला दिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांची झोप, हालचाल आणि बैठे खेळ यांबाबत सूचना प्रसिद्ध केल्या. मूल बसलेले असेल तेव्हा घरच्या माणसाने त्याला वाचून दाखवावे, गोष्ट सांगावी, असे त्यांतही म्हटले आहे.

वयानुसार निवड

पहिले सहा महिने : नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे स्पष्ट दिसते. मांडीवर घेतलेल्या बाळाला आईचा चेहरा एवढ्याच अंतरावर असतो. या वयात ठळक रेषांचे, गडद-फिकट रंगांचे एखादे मोठे चित्र पुरते. जुन्या कॅलेंडरवरचे चित्रही चालेल. बाळाला गोडी असते ती आवाजाची.

सहा महिने ते दीड वर्ष : हाती येईल ते तोंडात, असे हे वय. त्यामुळे जाड पुठ्ठ्याच्या पानांची किंवा धुता येणारी कापडी पुस्तके घ्यावीत. एका पानावर एकच वस्तू असावी आणि ती बाळाच्या रोजच्या ओळखीची असावी. वाटी, चेंडू, मांजर, चप्पल. पेंग्विन आणि हिमगौरी नंतर आल्या तरी चालतील.

दीड ते तीन वर्षे : आता एखाद्या कृतीचे चित्र हवे. आंघोळ, जेवण, बाजार, एसटीची गर्दी, पावसात भिजलेले कुत्रे. तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा येणारी पुस्तके या वयाला फार आवडतात. मूल तेच पुस्तक दहादा वाचायला लावते म्हणून कंटाळू नका. पुढचे वाक्य आपल्याला आधीच ठाऊक आहे, याचा त्याला आनंद असतो आणि त्या पुनरावृत्तीतूनच शब्द पक्के होतात.

तीन ते सहा वर्षे : छोटी पण पूर्ण गोष्ट, शोधाशोध करता येईल असे बारकाव्यांनी भरलेले चित्र, थोडे हसू, थोडी भीती आणि शेवटी सुटका. अंधाराची भीती, घरात आलेले नवे बाळ, डॉक्टरांचे इंजेक्शन, शाळेचा पहिला दिवस अशा विषयांवरची पुस्तके या वयात फार उपयोगी पडतात. मुलाला स्वतःची भीती सांगता येत नाही, पण गोष्टीतल्या सशाला काय वाटते ते सांगता येते.

दुकानात पाहायच्या गोष्टी

पुस्तकावर छापलेल्या वयावर विसंबू नका. दुकानात उभ्या उभ्या चार गोष्टी पाहा.

एक, मजकुरावर तळहात ठेवून नुसती चित्रे पाहा. चित्रांवरून काही घडलेले समजते का? समजत असेल तर पुस्तक चांगले. दोन, एखादे पान मोठ्याने वाचा. वाक्य जिभेवर अडखळत असेल, आपण घरी असे कधीच बोलत नसू, तर ते पुस्तक ठेवून द्या. स्वस्तात मिळणाऱ्या काही भाषांतरित पुस्तकांची मराठी अशीच कडक असते. तीन, चित्रांतली माणसे पाहा. गोरे ते चांगले आणि काळे ते दुष्ट, मुलगी नेहमी स्वयंपाकघरात आणि मुलगा नेहमी मैदानावर, असे असेल तर मूल तेही शिकते. चार, पुस्तकाचा हेतू पाहा. मुळाक्षरांचे आणि फळा-फुलांचे तक्ते वाईट नाहीत, पण तो तक्ता झाला. त्यात पुढे काय होईल ही उत्सुकता नसते.

मराठीत आता चांगली निवड करता येते. माधुरी पुरंदरे यांची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली ‘राधाचं घर’ ही घरातल्या माणसांविषयीची पुस्तके छोट्यांसाठी आवर्जून पाहावीत. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही माला, २००४ मध्ये बंगळूरुत सुरू झालेल्या प्रथम बुक्सची आणि चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाची मराठी पुस्तकेही चाळून पाहण्यासारखी आहेत. यांतील बरीचशी पुस्तके फुलबाज्या-भुईनळ्यांच्या खर्चापेक्षा कमी पैशांत येतात.

एक धोका लक्षात ठेवा

बटण दाबले की वाजणारी पुस्तके हल्ली सर्रास मिळतात. त्यांत चपटे, गोल, घड्याळात असतात तसे सेल असतात. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. सेलचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले नसेल तर ते पुस्तक घेऊच नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता, त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब जा. तीन वर्षांखालील मुलांच्या पुस्तकांत सुटणारे मणी, चिकटवलेले डोळे, सैल झालेल्या स्टेपलच्या पिनाही नकोत.

वाचायचे कसे?

अमेरिकेत १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावणेदोन ते तीन वर्षे वयाच्या मुलांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन गटांतील पालक मुलांना सारखेच वाचून दाखवत होते. पण एका गटातील पालकांना, मधे थांबून मुलाला प्रश्न विचारायला आणि त्याच्या उत्तरात भर घालायला शिकवले होते. एका महिन्यातच या गटातील मुले बोलण्यात पुढे गेलेली आढळली.

हे आपल्याला घरी सहज करता येते. मूल चित्रावर बोट ठेवून ‘भू भू’ म्हणाले, तर ‘हो, काळं भू भू पळतंय. कुठं पळतंय?’ असे म्हणा. उत्तर द्यायला त्याला वेळ द्या. मोठ्या मुलाला ‘आता काय होईल?’ असे विचारा. ‘हे कोणतं अक्षर? सांग बघू!’ अशी परीक्षा मात्र घेऊ नका. मजकूर जसाच्या तसा वाचला पाहिजे असेही नाही. पाने उलटसुलट झाली तरी बिघडत नाही. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कन्नड, गोंडी असे काही बोलत असतील तर त्याच बोलीत चित्राबद्दल बोला. घरच्या बोलीत भरपूर बोललेले मूल शाळेची मराठी लवकर उचलते. आणि ज्या आजी-आजोबांना अक्षरओळख नाही, त्यांनी मागे राहू नये. शब्द नसलेली, केवळ चित्रांची पुस्तके मिळतात. त्यांतली गोष्ट सांगणाऱ्याने रचायची असते. पीकपाण्याच्या, देवळाच्या, जत्रेच्या आठवणी ज्यांच्याजवळ आहेत, त्यांच्या तोंडून तीच गोष्ट अधिक रंगते.

मोबाइलवरची गोष्ट चालेल का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. अमेरिकेतील मिशिगन येथील डॉक्टरांनी २०१९ मध्ये ३७ पालक आणि त्यांच्या लहान मुलांचे निरीक्षण केले. छापील पुस्तक वाचताना दोघांमध्ये जितके बोलणे झाले, त्यापेक्षा पडद्यावरच्या पुस्तकाच्या वेळी कमी झाले. दोन वर्षांखालील मुलांना मोबाइल किंवा टीव्ही दाखवूच नये आणि दोन ते पाच या वयात दिवसभरात एक तासाची मर्यादा पाळावी, असे आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. आजोळी पाहुण्यांच्या गडबडीत मूल शांत बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाइल दिला जातो. त्या वेळी पिशवीत एखादे पुस्तक असेल तर उपयोग होईल.

प्रवासात मात्र एक पथ्य पाळा. चालत्या गाडीत, विशेषतः घाटात, खाली मान घालून पुस्तक पाहिल्यास अनेक मुलांना मळमळते व उलटी होते. गाडीत पुस्तक मिटून ठेवावे आणि खिडकीबाहेर पाहत तीच गोष्ट तोंडी सांगावी.

सुट्टीत झोपेचेही तंत्र बिघडते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून १० ते १३ तास झोप लागते. फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेले, जागरणाने चिडचिडे झालेले मूल अंथरुणात शांत करायला रोजची ओळखीची गोष्ट चांगली. भुताखेतांची चित्रे त्या वेळी नकोत.

पुस्तक पाहताना मुलाकडेही पाहा

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुस्तक घेऊन शेजारी बसल्यावर, एरवी कामाच्या धांदलीत निसटणारी लक्षणे पालकांच्या नजरेस पडतात.

मूल पुस्तक अगदी नाकाजवळ धरते, मान तिरकी करून पाहते किंवा एक डोळा आत-बाहेर वळलेला दिसतो, असे असल्यास डोळे तपासून घ्या. तिरळेपणा ‘मोठेपणी जाईल’ म्हणून थांबू नये. उपचार लांबले तर त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते. मागून हाक मारली तर वळत नाही, गोष्टीतल्या आवाजांची नक्कल कधीच करत नाही, अशा मुलाची श्रवणचाचणी करावी.

वर्षाचे झाले तरी बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे आवाज काढत नाही किंवा हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘दूध दे’, ‘बाबा ये’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही, तर डॉक्टरांना दाखवा. येत असलेले शब्द कोणत्याही वयात बोलायचे थांबले, तर अजिबात वेळ घालवू नका. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ अशा समजुतींनी उपचारांचा मोलाचा काळ वाया जातो. कान, स्वमग्नता किंवा बुद्धीची वाढ यांपैकी काही अडचण असेल, तर जितक्या लवकर कळेल तितका उपचारांचा फायदा अधिक.

यासाठी मोठ्या शहरातच जावे लागते असे नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. आपल्या अंगणवाडी सेविकेकडे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

विकत घेणे जमत नसेल तर

गावच्या वाचनालयाचा बालविभाग सुट्टीआधीच गाठा. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्यानिमित्ताने आपल्या वाचनालयात बालपुस्तके मांडली जातात का, हे विचारा. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांनी वाटेवरच्या भिलारला थोडा वेळ द्यावा. २०१७ पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. शेजारच्या दोन-तीन घरांनी एकेक पुस्तक घेऊन आठवड्याला अदलाबदल केली, तरी मुलांची सुट्टी भरून निघेल.

आणलेले पुस्तक खराब होईल म्हणून कपाटात बंद करू नका. मुलाचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ते ठेवा. पाने फाटतील, ती चिकटपट्टीने जोडा. सुट्टी संपेपर्यंत पुस्तकाचे कोपरे दुमडले आणि त्यावर चिवड्याचे तेलकट डाग पडले, तर खरेदी सार्थकी लागली असे समजावे.