कुडाच्या घरात पाहुणे

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ तालुके आहेत. येथे वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी असे आदिवासी लोक राहतात. त्यांची जुनी घरे कुडाची. कूड म्हणजे काय? कारवी नावाच्या झुडपाच्या सरळ, वाळलेल्या काठ्या एकमेकींना लागून उभ्या करतात व बांबूच्या आडव्या कांबींना बांधतात. मग माती आणि शेण कालवून दोन्ही बाजूंनी लिंपतात. ती झाली कुडाची भिंत.

गंमत अशी की, दूरच्या जपानमध्येही जुन्या घरांच्या भिंती बऱ्याचशा अशाच असत. तेथे बांबूची जाळी दोरीने बांधत आणि पेंढ्याचे तुकडे मिसळलेला चिखल तिच्यावर थापत. दोन्ही प्रदेश भाताचे, दोन्हीकडे पाऊस भरपूर. जपानमधील शिराकावा-गो गावाची गवती छपरांची घरे १९९५ साली जागतिक वारसा ठरली. त्यांतील काही घरांत आता पाहुणे उतरतात. खोलीत चटई, अंथरूण, एक बुटके मेज, बस्स.

जव्हारजवळच्या वाळवंडा गावातही शहरातले पाहुणे येऊन राहिले आहेत. मग जुने कुडाचे घर त्यांच्यासाठी दुरुस्त कसे करावे? 'दुरुस्त' हा शब्द तुम्हांला उर्दूमुळे ठाऊकच आहे. येथे दुरुस्ती म्हणजे पाडून नवे बांधणे नव्हे. या घराचे छप्पर लाकडी खांबांवर उभे असते. भिंतीवर त्याचा भार नसतो. म्हणून कुजलेला कूड काढून नवा घालता येतो, छपराला हात लावावा लागत नाही. खांब वाळवीने खाल्ला असेल, तर आधी छपराला टेकू देतात आणि मग खांब बदलतात.

पुष्कळ लोक भिंत टिकावी म्हणून वरून सिमेंट लावतात. हे चुकीचे आहे. माती ओल शोषते आणि पुन्हा वाळते. सिमेंट ती ओल आत कोंडते, आणि आतली कारवी कुजू लागते. सिमेंट वापरायचेच, तर वेगळ्या बांधलेल्या न्हाणीघरात व संडासात वापरावे. आत सारवलेली जमीन, धान्याची कणगी, भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे एवढे पुरे. अंधार मात्र फार असतो. एखादी खिडकी वाढवावी.

खरी अडचण निराळीच आहे. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की येथील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी भिवंडी, वसईकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पाहुण्यांना सोयीचा हिवाळा येतो, तेव्हा घरांना कुलपे असतात! खोलीचे भाडे बाहेरच्या मालकाकडे न जाता घरच्याच माणसांच्या हाती आले, तर एखादे कुटुंब हिवाळ्यात गावीच थांबू शकेल आणि त्यांच्या मुलांची शाळा मध्येच सुटणार नाही.