काशीच्या गल्ल्यांतील आहारविधी
एका नगरदर्शनाचा वैद्यकीय वृत्तांत

पथ्याची छापील चिठ्ठी हा आपल्या बहुतेक चिकित्सालयांतील नित्याचा कागद होय. आंबट, तिखट, तळलेले, शिळे वर्ज्य. मूग, भाकरी, ताक हितकर, असा तिचा साधारण मजकूर. तो शास्त्राला धरूनच असतो. परंतु रुग्ण ज्या गावात राहतो आणि ज्या कोपऱ्यावर सकाळची न्याहारी करतो, त्या गावाचा व कोपऱ्याचा त्यात कोठेही उल्लेख नसतो. परिणामी चिठ्ठी औषधाच्या पिशवीत राहते आणि जेवण पूर्ववत चालू राहते.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराच्या हिताहिताचा निर्णय करण्यासाठी आठ गोष्टी सांगितल्या आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही अष्ट आहारविधिविशेषायतने आपण पदवी परीक्षेसाठी मुखोद्गत करतो. एखादे द्रव्य स्वभावतः पथ्य किंवा अपथ्य असे क्वचितच असते. या आठांच्या मेळाने ते तसे ठरते, हा त्यातील आशय. हा आशय पुस्तकापेक्षा बाजारात अधिक स्पष्ट दिसतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही वैद्य व औषधविक्रेते काशीस गेलो असता, एका स्थानिक मार्गदर्शकाबरोबर पूर्ण दिवस पायी फिरून तेथील खाद्यपदार्थ व वारसास्थळे पाहिली. त्या दिवसाची टिपणे याच आठ मुद्द्यांच्या आधारे येथे मांडीत आहे.

काशीच का?

सुश्रुतसंहितेचा उपदेश काशिराज दिवोदास धन्वंतरींनी सुश्रुतादी शिष्यांना केला, हे संहितेच्या आरंभीच सांगितले आहे. आपल्या कपाटातील संहितांच्या कितीतरी प्रती ज्या चौखम्बा प्रकाशनाच्या असतात, ते नाव काशीतील एका जुन्या मोहल्ल्याचे आहे. महाराष्ट्राचा या नगरीशी असलेला संबंधही सर्वश्रुत आहे. एकनाथ महाराजांनी भागवतावरील आपली टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचे. आणि विश्वनाथ मंदिराची १७८० च्या सुमारास पुनर्बांधणी केली ती अहिल्यादेवी होळकरांनी.

पहाटे दशाश्वमेध घाटावरून नावेने उत्तरेकडे निघाल्यास मणिकर्णिकेच्या पुढे शिंदे व भोसले यांची नावे धारण करणारे घाट लागतात. पंचगंगा घाटावर उतरून पायऱ्या चढल्या की ज्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहिली, त्या गल्ल्यांतून चौखम्बा व ठठेरी बाजाराकडे जाता येते. आमची पायपीट येथूनच सुरू झाली.

कचौरी : प्रकृती, राशी व उपयोक्ता

बनारसची न्याहारी म्हणजे कचौरी, भाजी व जिलेबी. मोठ्या कचौरीत उडदाच्या वाटलेल्या डाळीचे मसालेदार सारण असते, सोबत बटाटा व हरभऱ्याची रस्सेदार भाजी. माष हे प्रकृतीने गुरू, स्निग्ध, उष्ण, वातहर व कफपित्तकर. ते तळलेले, त्यावर जिलेबी, आणि तेही सकाळी! छापील चिठ्ठीच्या दृष्टीने यात एकही गोष्ट बसत नाही.

परंतु थोडे थांबून पाहिले की इतर आयतने दिसू लागतात. सारणात हिंग व भाजीत आले आहे; हा दीपन संस्कार होय. काल हेमंताचा, म्हणजे अग्नी बलवान असण्याचा. खाणारांत नाव वल्हविणारे, ओझी वाहणारे, आखाड्यात घाम गाळून आलेले असे अनेक. दीप्ताग्नी, तरुण, स्निग्ध शरीराच्या व व्यायामाने बलवान झालेल्या मनुष्यास विरुद्ध अन्नही बाधत नाही, असे चरकांनीच म्हटले आहे. मात्र त्याच दुकानासमोर दिवसभर गादीवर बसणारा व्यापारीही तीच कचौरी खात होता. द्रव्य एक, उपयोक्ता दोन. म्हणून फळही दोन. स्थौल्य व प्रमेहाचा रुग्ण बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो आणि वल्हे मारणाऱ्याचे उदाहरण देऊन तो आपली न्याहारी समर्थनीय ठरवितो. त्याला ‘कचौरी वाईट’ असे सांगण्यापेक्षा ‘ही कचौरी वल्हेकऱ्याची आहे’ असे सांगणे अधिक परिणामकारक होते.

राशीचा विचारही येथेच करावा. सर्वग्रह म्हणजे एकूण आहाराचे प्रमाण व परिग्रह म्हणजे प्रत्येक द्रव्याचे स्वतंत्र प्रमाण. रुग्ण ‘दोनच कचौऱ्या खाल्ल्या’ असे सांगतो, तेव्हा तो परिग्रह सांगत असतो. जिलेबी, भाजी व नंतरचा चहा मिळून होणारा सर्वग्रह आपण विचारून घ्यावा लागतो.

मलइयो : करण, काल व संयोग

हिवाळ्यात काशीस जाणाऱ्याने मलइयो अवश्य पाहावे. आटविलेले दूध रात्रभर उघड्या आकाशाखाली दवात ठेवतात. पहाटे ते घुसळून वर येणारा फेस काढतात. त्यात साखर, केशर व वेलची असते. मातीच्या कुल्हडात दिलेला हा फेस जिभेवर ठेवताच विरतो. ऊन चढू लागले की तो बसतो. म्हणून विक्री सकाळचीच व थंडीच्या महिन्यांतलीच. लखनौची मक्खन मलाई व दिल्लीची दौलत की चाट ही त्याचीच भावंडे.

चरकांनी करण म्हणजे संस्कार सांगताना जल, अग्नी, शौच, मंथन, देश, काल आदींचा उल्लेख केला आहे. अग्नी, काल, देश व मंथन हे चारही संस्कार एका कुल्हडात एकत्र आलेले पाहणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम वस्तुपाठ ठरेल. भावप्रकाशात दुधाचा फेस लघू व अग्निवर्धक सांगितला आहे. तथापि तेवढ्यावरून मलइयो सर्वांस देऊ नये. त्यातील साखर व शीत गुण लक्षात घेता प्रतिश्याय, तमक श्वास व प्रमेह असलेल्यांनी दूर राहणे बरे.

संयोगाचा प्रश्न मात्र प्रत्येक प्रवाशाचा आहे. मार्गदर्शक बहुधा कचौरीनंतर लगेच मलइयोच्या दुकानी नेतात. चरकांनी सर्व अम्ल द्रव्ये व माषादी शिंबीधान्ये दुधाबरोबर विरुद्ध मानली आहेत. आम्ही मार्गदर्शकास हे समजावून सांगितले तेव्हा त्याने आनंदाने क्रम बदलला. पहिल्या दिवशी मलइयो व दुसऱ्या दिवशी कचौरी, हा साधा उपाय काशीयात्रेस निघालेल्या कोणत्याही रुग्णास सांगता येईल.

ठठेरी बाजार व गोला दीनानाथ

ठठेरी म्हणजे तांबट. पुण्याची तांबट आळी पाहिलेल्या वाचकांस हा तांब्यापितळेच्या भांड्यांचा बाजार ओळखीचा वाटेल. येथून कबीरचौऱ्याच्या दिशेने गेले की गोला दीनानाथ हा मसाले व काष्ठौषधींचा घाऊक बाजार लागतो. औषधविक्रेत्या मित्रांचा सर्वाधिक वेळ येथेच गेला, आणि तो सार्थकी लागला.

नावांचा घोटाळा किती सहज होतो, हे येथे ध्यानात येते. हिंदीतील सौंफ म्हणजे आपली बडीशेप, तर सोया म्हणजे शेपू. शतपुष्पा व मिश्रेया यांच्यातील गोंधळ येथूनच सुरू होतो. पूर्वेकडे मंगरैल म्हणतात ती कलौंजी. तिलाच काही जण काला जीरा म्हणतात, आणि त्यामुळे शहाजिऱ्याच्या जागी ती येण्याचा धोका असतो. ब्राह्मी व मंडूकपर्णी यांची अदलाबदल तर आपल्याही बाजारात होते. रास्ना या नावाने निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी द्रव्ये दिली जातात. म्हणून परप्रांतातून माल मागविताना केवळ व्यापारी नाव न लिहिता शास्त्रीय लॅटिन नाव व उपयुक्त अंग लिहावे आणि नमुना पाहूनच माल स्वीकारावा.

धन्वंतरी कूप

दारानगर भागात मृत्युंजय महादेवाचे मंदिर असून त्याच्या आवारात धन्वंतरी कूप आहे. धन्वंतरींनी आपली औषधे या विहिरीत टाकली, अशी श्रद्धा असल्याने लोक तिचे पाणी रोगनाशक मानून पितात. वैद्याने या श्रद्धेचा आदर करावा. परंतु परगावच्या वृद्ध व दुर्बल यात्रेकरूस न उकळलेले पाणी पिण्यास मात्र कोठेही अनुमती देऊ नये. देशबदल झाला की जल प्रथम बाधते, हा अनुभव सर्वांचाच आहे. सुश्रुतपरंपरेच्या या भूमीत तीर्थ म्हणून स्पर्श व पिण्यासाठी शृतशीत जल, एवढा विवेक पुरेसा आहे.

लिट्टी, चूडा-मटर व देशसात्म्य

दुपारी लिट्टी-चोखा घेतला. गव्हाच्या कणकेत सातूचे, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचे सारण भरून गोळे निखाऱ्यावर भाजतात व तुपात बुडवितात. सोबत भाजलेल्या वांग्याबटाट्याचे भरीत. सक्तूचा पिंड गुरू व तेच सक्तू पातळ केल्यास लघू, असा भेद सुश्रुतांनी केला आहे. म्हणून मंदाग्नीच्या माणसाने लिट्टी एकच घ्यावी, किंवा त्याऐवजी सातूचे पातळ पेय घ्यावे.

चूडा-मटर हा हिवाळी पदार्थ आपल्या पोह्यांचा नातेवाईक आहे. पृथुक गुरू असल्याने अल्प मात्रेत खावे, असे शास्त्र सांगते. येथे ताजा मटार आल्याने वातवृद्धीची भर पडते. परंतु तूप, आले, मिरी व लिंबू यांच्या योगाने तेथील गृहिणी ती उणीव भरून काढतात. आपल्याकडे पोह्यांवर ओले खोबरे व लिंबू येते. प्रत्येक प्रदेशाने आपल्या गुरू अन्नाचा उतारा आपल्याच स्वयंपाकघरात शोधून ठेवला आहे. तो उतारा कोणता, हे रुग्णास विचारले तर पथ्य सांगण्याचे निम्मे काम होते.

ठंडाई व पान : जेथे ‘नाही’ म्हणावे

सर्वच गोष्टी आठ मुद्द्यांच्या आधारे सामावून घ्याव्यात, असा अर्थ कोणी काढू नये. बदाम, बडीशेप, खसखस, मगज, मिरी, वेलची व गुलाब यांची दुधातील ठंडाई उष्णकाळी पित्तशामक आहे. पौषात ती काल-विरुद्ध ठरते. भांग घातलेली ठंडाई तर औषधही नव्हे व आहारही नव्हे. विजया हे उपविष असून शोधनाशिवाय तिचा प्रयोग आपण करीत नाही. औषधविषयक कायद्याच्या ई-१ परिशिष्टातही भांगेची नोंद आहे. रक्तदाब, हृद्रोग वा मानसविकार असलेल्या यात्रेकरूस याविषयी निघण्यापूर्वीच स्पष्ट सूचना द्यावी.

बनारसी पानास २०२३ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यासाठी नावाजलेले मगही पान मगधातून येते. काशीत त्याला बंद जागेत ऊब देऊन पिकवितात. हाही संस्कारच, आणि तो पाहण्यासारखा आहे. दिनचर्येत तांबूलसेवन सांगितले आहे, हे खरे. परंतु सुपारी ही मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारी आहे, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केला. आणि तो तंबाखूविरहित विड्यासही लागू आहे. मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पाहणाऱ्या वैद्याने ग्रंथवचनाचा आधार घेऊन सुपारीचे समर्थन करू नये. नागवेलीचे पान, वेलची, लवंग व बडीशेप एवढ्यावर मुखवैशद्याचे प्रयोजन साधते.

आपल्या गावी काय करता येईल?

काशीचे उदाहरण दूरचे वाटल्यास कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, मालवण वा आपले तालुक्याचे गाव घ्यावे. संघटनेच्या प्रत्येक शाखेने वर्षातून दोनदा, एकदा हेमंतात व एकदा वर्षा ऋतूत, असे एक दिवसाचे नगरदर्शन आयोजित करावे, अशी सूचना आहे. गावातील एखादा जुना जाणकार मार्गदर्शक म्हणून बरोबर घ्यावा. सकाळी न्याहारीची ठिकाणे, मग भाजीमंडई, काष्ठौषधींची दुकाने, जुने मंदिर वा वाडा, आणि सायंकाळचा खाऊचा बाजार, असा क्रम ठेवता येईल.

प्रत्येकाने वहीत आठ रकाने आखावेत व पाहिलेला प्रत्येक पदार्थ त्यांत नोंदवावा: द्रव्य कोणते, संस्कार कोणता, कशाबरोबर खातात, किती, कोठले, केव्हा, कशा रीतीने व कोण. उभ्याने, घाईने, बोलत खाण्याची नोंद उपयोगसंस्थेच्या रकान्यात करावी. पुष्कळदा दोष पदार्थात नसून तेथेच असतो. औषधविक्रेत्यांनी स्थानिक नावे व शास्त्रीय नावे यांची यादी करून ती शाखेच्या सर्व सभासदांस द्यावी.

या वह्यांतून त्या त्या गावाचे पथ्यपत्रक तयार होईल. त्यात ‘तळलेले वर्ज्य’ या एका ओळीऐवजी अमुक पदार्थ कोणी, कोणत्या ऋतूत, किती खावा. कोणी मुळीच खाऊ नये. आणि न खाणाऱ्याने त्याच बाजारातून त्याऐवजी काय घ्यावे, हे लिहिलेले असेल. रुग्णाला त्यात आपली गल्ली दिसेल. ज्या कागदात स्वतःचे गाव दिसते, तो कागद रुग्ण पिशवीत ठेवीत नाही. स्वयंपाकघरातील भिंतीवर लावतो.