लक्ष्मीची फरसबंदी

नाण्याला चुकून पाय लागला तरी आपण ते उचलून कपाळी लावतो. मग आजीने साठविलेली नाणी जमिनीत कायमची जडवून त्यांवरून वावरावे कसे? आम्ही वेगळी वाट धरली. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी चौरंगापुढील सारवलेल्या जमिनीवर २० पैशांची षट्कोनी नाणी कडेला कड भिडवून मांडली. तसूभरही फट उरली नाही. सभोवार १० पैशांच्या कंगोरेदार नाण्यांची महिरप. मधोमध १९६८ ते १९७१ या काळातील, कमळ कोरलेले २० पैशांचे पिवळे नाणे. २०११ साली २५ पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली. त्यांचा मान मात्र गेला नाही. उत्तरपूजा होताच ती पुसून आजीच्या डब्यात परततात. लक्ष्मी चंचल, तिला पायाखाली जखडू नये, दरवर्षी सन्मानाने बोलवावे.