हायडनचा प्रकाशकांशीं पत्रव्यवहार

संग्राहकांची दृष्टि सामान्यतः कर्त्याच्या हस्ताक्षरांतील मूळ प्रतीकडे लागलेली असते. देण्याघेण्याचीं पत्रें रद्दींत पडतात. परंतु मूळ पाठ ठरविण्याच्या कामीं हींच पत्रें कित्येकदां निर्णायक होतात, असें आमचें मत आहे. ऑस्ट्रियाचा संगीतरचनाकार योझेफ हायडन (१७३२–१८०९) याचा पत्रव्यवहार या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

हायडन एस्टरहाझी या सरदारघराण्याच्या पदरीं होता. इ. स. १७६१ च्या करारान्वयें धन्याच्या परवानगीवांचून आपली रचना इतरांस देण्याची त्याला मनाई होती. इ. स. १७७९ च्या नव्या करारांत हें कलम राहिलें नाहीं, आणि दुसऱ्याच वर्षीं व्हिएन्ना येथील आर्टारिया या पेढीनें त्याचे पट्ट्यांच्या वाद्यासाठीं रचलेले सहा सोनाटे छापले.

यांपैकीं एका सोनाट्याच्या मधल्या भागाचा आणि दुसऱ्याच्या पहिल्या भागाचा आरंभ जवळजवळ एकच आहे. नुसती स्वरलिपि पाहणारास हा नकलनविसाचा घोटाळा वाटावा. परंतु २५ फेब्रुवारी १७८० च्या पत्रांत हायडननें आर्टारियास कळविलें कीं, एकाच कल्पनेचा विस्तार दोन निराळ्या रीतींनीं करून दाखविण्यासाठीं हें आपण बुद्ध्याच केलें असून, तशी सूचना मुखपृष्ठाच्या मागील बाजूस छापावी. त्याप्रमाणें ती छापलीही गेली.

दुसरें उदाहरण चार तंतुवाद्यांच्या सहा चतुष्कांचें. डिसेंबर १७८१ मध्यें हायडननें निवडक रसिकांस पत्रें पाठवून यांच्या शुद्ध हस्तलिखित प्रती सहा डुकाटांस देऊं केल्या. इतक्यांत आर्टारियानें छापील आवृत्तीची जाहिरात दिली. छापील प्रत निघणार हें कळल्यावर हस्तलिखितास गिऱ्हाईक कोठून मिळणार? जानेवारी १७८२ मध्यें हायडननें प्रकाशकाकडे संतापून तक्रार केली. आम्हांस या तक्रारीचें महत्त्व असें वाटतें कीं, कर्त्याच्या संमतीनें हस्तलिखित प्रती मुद्रणापूर्वीं देऊं केल्या होत्या, हें तिच्यावरून सिद्ध होतें. अर्थात् या चतुष्कांची जुनी हस्तलिखित प्रत छापील पुस्तकावरूनच उतरलेली असली पाहिजे, असें गृहीत धरतां येत नाहीं.

पुढें इ. स. १७८७ मध्यें दुसरीं सहा चतुष्कें हायडननें आर्टारियास आणि लंडनच्या फॉर्स्टरासही विकलीं. एका देशांतील प्रकाशनाचा हक्क दुसऱ्या देशांत चालेल असा कायदा तेव्हां नव्हता. हा व्यवहार निर्मळ म्हणवत नाहीं. पण तो ठाऊक असल्यामुळेंच लंडनची आवृत्ति चोरटी समजून बाजूस सारतां येत नाहीं.

आपल्याकडील रुमाल सोडतांना हीच कसोटी लावावी. पोथीबरोबर लिहिणावळीची चिठी किंवा कागदशाईचा हिशेब निघाल्यास तो पोथीपासून वेगळा करूं नये. एकदां ताटातूट झाली म्हणजे दोहोंपैकीं एकाचीही साक्ष पूर्ण राहत नाहीं.