नाव सीतेचं, काम ताटकेचं!

सप्टेंबरात कास पठारावर सेल्फी काढताना मागे जी इवली निळी-जांभळी फुलं येतात ना, ती ‘सीतेची आसवं’. किती नाजूक, किती सोज्वळ! पण माहीत आहे का, ही सोज्वळ बाई पक्की नॉनव्हेज आहे?

पिशवीबंदी? इथे नाही!
शास्त्रीय नाव युट्रिक्युलॅरिया. वर फुलांचा फॅशन शो, खाली ओल्या मातीत शिकारखाना. तिथल्या बारीक फांद्यांना चिमुकल्या पिशव्या लगडलेल्या असतात, बहुतेक जेमतेम मिलिमीटरभर. प्रत्येक पिशवी म्हणजे तोंड आणि पोट, टू इन वन!

मुळात मूळच नाही
या गटात जगभर सव्वादोनशेहून जास्त जाती आहेत. खरी मुळं? एकीलाही नाहीत!

उलटी पिचकारी
पिशवी आधी आतलं पाणी बाहेर उपसते, त्यामुळे तिच्या भिंती आत खेचल्या जाऊन ताणल्या जातात. दार घट्ट बंद. दारावर बारीक केस. एखादा सूक्ष्म जीव त्यांना नुसता चाटून गेला की दार आत उघडतं, भिंती फुगतात आणि पाण्यासकट पाहुणा आत. दार पुन्हा बंद! मग पाचकरसांचं काम सुरू. अर्ध्या तासाच्या आसपास पिशवी पुढच्या गिऱ्हाइकासाठी रेडी.

ब्लिंक अँड मिस
शिकार आत ओढायला वेळ किती? एक मिलिसेकंदाहूनही कमी! पापणी लवायलाही शंभरावर मिलिसेकंद लागतात. आत ओढल्या जाणाऱ्या शिकारीला गुरुत्वाकर्षणाच्या ६०० पटींपर्यंत त्वरण मिळतं, असं २०११ साली हाय-स्पीड कॅमेऱ्याने दाखवलं. रोलरकोस्टरवाल्यांनो, बसा खाली!

डार्विनही फसला
माहीत आहे का, डार्विनला वाटलं होतं, किडे स्वतःच डोकं खुपसून आत शिरतात! न्यू जर्सीच्या मेरी ट्रीट यांनी सूक्ष्मदर्शकाला तासन्‌तास डोळा लावला आणि ओळखलं, किडे शिरत नाहीत, ओढले जातात. डार्विनने १८७५ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्या निरीक्षणांचा उल्लेखही केला. वन-झिरो, मेरीताई!

जनुकांचं वनरूम किचन
हिच्या पाणवासी बहिणीचा, युट्रिक्युलॅरिया गिब्बाचा, जीनोम २०१३ मध्ये वाचला गेला. आकार सुमारे ८ कोटी अक्षरं. आपला? सुमारे ३०० कोटी! तरीही तिची जनुकं सुमारे २८,५००, आपली २०,००० च्या आसपास. अडगळ शून्याजवळ!

पण मांसाहार कशाला?
कासचा कातळ म्हणजे जांभा, वर मातीचा पातळ थर. धो-धो पाऊस त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस धुऊन नेतो. पोषण जमिनीत नाही, मग ते चालत्या-पोहत्या जिवांकडून वसूल! काही जातींच्या पिशव्यांत शैवाल आणि परागकणही सापडतात. थोडक्यात, थाळी मिक्स!

पाहुणे वेगळे, जेवण वेगळं
फुलावर येणाऱ्या मधमाशीला मात्र अभय! वर मधाची मेजवानी आणि परागांची ने-आण, शिकार फक्त तळमजल्यावर. परागीभवन करणाऱ्यालाच खाल्लं तर धंदा चालेल कसा?

भाड्याने तळं
दक्षिण अमेरिकेतली युट्रिक्युलॅरिया हम्बोल्टी तर थेट ब्रोमेलियाड झाडांच्या पानांत साठलेल्या पाण्यात राहते. डिपॉझिट नाही, ब्रोकर नाही!

शेजारीणही त्यातलीच
कासवरच ‘दवबिंदू’ म्हणजे ड्रोसेराही भेटते. तिच्या केसांच्या टोकांवर चमकतात ते थेंब चिकट असतात. किडा बसला की अडकला. एक ओढणारी, एक चिकटवणारी!

टिप फुकट
२०१२ पासून कास युनेस्कोच्या जागतिक वारशातल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तेव्हा वाट सोडू नका. पिशव्या मातीत असतात, दिसत नाहीत, पण बुटाखाली सहज चिरडतात. सुपरफास्ट शिकारी असली तरी तिला पळता येत नाही!